आंबिया बहाराचे दिवस

25 जानेवारी
धुऱ्याकडची संत्र्याची झाडं दुपारी पानं मुरडतात. जमीन तिकडे मुरमाड, ताण लवकर बसतो. नाल्याकडे काळी, तिथं पानं अजून हिरवीगार. दोन्हीकडे एकाच दिवशी पाणी सोडून चालणार नाही. आज फक्त धुऱ्याकडे, तेही हलकं.

2 फेब्रुवारी, वसंत पंचमी
परसात भेंडी, गवार, चवळी टोबली. दोडक्याचं बी रात्रीच भिजत घातलं होतं. आई म्हणते, कोथिंबिरीला सावली कर. खरंय, ऊन आत्ताच चावतं.

9 फेब्रुवारी
बोर्डो पेस्ट. मोरचूद 1 किलो, कळीचा चुना 1 किलो, पाणी 10 लिटर. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत भिजवून मग एकत्र. घासलेला विळा बुडवून पाहिला. पात्यावर तांबूस थर चढला, म्हणजे चुना कमी. थोडा वाढवला, परत बुडवला. पातं कोरं निघालं. मग खोडं जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत रंगवली. एका झाडाच्या बुंध्याशी डिंक दिसला. साल खरवडून पेस्ट भरली. त्या झाडाची काळजी वाटते.

15 फेब्रुवारी
सेवालाल महाराज जयंती. तांड्यावरची मंडळी पोहरादेवीला गेलेली. बागेत मी एकटा. विहिरीत वाकून पाहिलं. मागच्या आठवड्यात बुडालेली पायरी उघडी पडली आहे.

19 फेब्रुवारी
धुऱ्याकडे फूल फुटलं. पांढरंशुभ्र. वास पार रस्त्यापर्यंत. मधमाश्या सकाळपासून लागल्यात. नवतीवर सिला दिसतो, तरी फूल असेपर्यंत विषारी फवारा नाही. फार माजलेल्या फांद्यांवर संध्याकाळी निंबोळी अर्क, बस.

26 फेब्रुवारी, महाशिवरात्र
नाल्याकडेही फूल. उशिरा, पण दाट.
शेजारचे काका बांधावर थांबले. "पानी पुरन का भाऊ, मेलोक?"
उत्तर देता आलं नाही.

4 मार्च
पाकळ्या गळून आळी पांढरी झालीत. फळं ज्वारीच्या दाण्याएवढी. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची कृषी संवादिनी काढून मात्रा पुन्हा वाचली. 100 लिटर पाण्याला जिबरेलिक आम्ल दीड ग्रॅम, युरिया 1 किलो. आम्ल पाण्यात नीट विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये. ऊन चढायच्या आत फवारून झालं.

8 मार्च
आभाळ. झोप नाही.

9 मार्च
चार थेंब पडून गेले. गार नाही. देव पावला.

13 मार्च, होळी
सोयाबीनचं कुटार आळ्यांत पसरलं, चांगलं वीतभर. खोडापासून जागा सोडून, ओल बुंध्याला लागली की डिंक्या वाढतो. कुटाराखाली माती दुपारीही गार लागते, उघडीवर हात ठेववत नाही. मंगरूळपीरच्या बाजारात कुटाराला गिऱ्हाईक होतं. दिलं नाही.

17 मार्च
धुऱ्याकडे फळगळ फार. झाडाखाली वाटाण्याएवढी फळं, देठ पिवळे. थोडी गळ व्हायचीच, सगळं फूल कुठलं झाड धरत नाही. पण नाल्याकडे इतकी नाही. ठिबक दोन्हीकडे सारखंच चालतं. मुरमात पाणी थांबत नाही आणि जास्त सोडायला विहिरीत नाही.
आईला सांगितलं. ती म्हणाली, "जमीन सांगते तसं कर."
ठरवलं. येत्या हंगामात आंबिया फक्त नाल्याकडे. धुऱ्याकडे मृग बहार धरायचा, पावसाच्या भरवशावर.