डागदरचा हात, डागदरचं पेन

आमच्या वस्तीच्या तोंडाला, पिठाच्या चक्कीला चिकटून एक दवाखाना आहे. पत्र्याची पाटी. पाटीवर लिहिलंय : सर्व प्रकारच्या आजारांवर उपचार. ताप, खोकला, दमा, शुगर, बीपी. सलाईनची सोय. जखमेचं ड्रेसिंग. रात्री बेल वाजवावी. आणि खाली तांबड्या रंगात : उधारी बंद आहे.

मी दहावी नापास. शिकवणारं कुणी नव्हतं म्हणून दिसेल ते वाचत गेलो. भज्याचा कागद वाचला, सहा डिसेंबरला चैत्यभूमीवरनं आणलेली पुस्तकं वाचली. ही पाटी तर लहानपणापासनं पाठ आहे. पण त्या पाटीवर दोन गोष्टी नाहीत. डाक्टर हात लावतो का, ते लिहिलेलं नाही. आणि डाक्टर खरं लिहितो का, तेही नाही. दोस्तहो, मला त्या दोनच गोष्टींविषयी बोलायचं आहे.

पहिलं हाताचं.

आमची म्हातारी, म्हणजे माझी आजी, दवाखान्यात गेली की स्टुलावर बसायच्या आधीच हात पुढं करते. डाक्टर नाडी बघतो. पोट चाचपतो, जीभ बघतो, पापणी खाली ओढून अंगात रगत किती ते बघतो. बाहेर आल्यावर म्हातारी म्हणते, "गोळ्या ऱ्हाऊ द्यात. हात लावला डागदरनं, निम्मं दुखणं थितंच गेलं." मला आधी हसू यायचं. मग एकदा तिनं सांगितलं. ती नवी नवरी असताना तालुक्याच्या गावी एक डाक्टर होता. आमच्या माणसांनी पायरीखाली उभं राहायचं. काय होतंय ते खालनं ओरडून सांगायचं. बाईनं बाईचं दुखणंसुद्धा चारचौघांत ओरडून सांगायचं. मग वरनं पुडी पडायची. पडली तर पदरात, नाही तर मातीत. "नाडी बघत्यात म्हंजे काय करत्यात, ते मला पोरं झाल्यावर कळलं," ती म्हणाली.

बाबासाहेबांनी नोंदवून ठेवलेली एक हकीकत आहे. काठेवाडातली, 1929 सालची. एका अस्पृश्य शाळामास्तरची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. डाक्टर यायला तयार नव्हता. गावच्या शेठनं मध्ये पडून दोन रुपये फीची हमी घेतली तेव्हा आला, पण वस्तीत पाऊल टाकलं नाही. बाळंतिणीला तान्ह्या लेकरासकट वस्तीबाहेर आणावं लागलं. डाक्टरनं थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिला, त्यानं मास्तरच्या, मास्तरनं बायकोच्या. त्याच वाटेनं तो परत गेला. डाक्टरनं दिव्याच्या उजेडात पारा बघितला आणि न्यूमोनिया सांगितला. बाई मेली. डाक्टर शिकलेला होता. रोग त्याला कळला होता. फक्त त्याचा हात बाटणार होता.

म्हणून म्हातारीचं म्हणणं आता मला हसण्यावारी नेता येत नाही.

आमच्या घरात गिरणी चार पिढ्यांची. पणजा मुंबईला गेला तेव्हा साचाखात्यात आमच्या माणसाला घेत नव्हते. धोट्यातला धागा तोंडानं ओढायला लागायचा, महाराचा ओठ लागलेला धागा दुसऱ्यानं कसा ओढायचा? पगार साचाखात्यात जास्त. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला. तोवर आणि त्यानंतरही बरीच वर्षं आमच्या वाट्याला उरलं ते कमी पगाराचं खातं. पणजा कार्डिंगला. आजा ब्लोरूमला, जिथं गाठी फोडतात आणि कापूस पिंजतात. तिथं हवा नसते, कापूसच असतो. आमचा ओठ धाग्याला चालत नव्हता. आमच्या छातीत कापूस गेलेला मात्र सगळ्यांना चालत होता.

आज्याला मुंबईत कामगार विम्याचा पॅनेल डाक्टर होता. गिरणगावातल्या कुठल्या तरी चाळीखालचा खासगी डाक्टरच, पण त्याच्या यादीत आज्याचं नाव. घरनं बाटली न्यायची. कंपाउंडर तांबडं औषध भरायचा आणि बाटलीला दात पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायचा. एक दात एक डोस. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. पगार बंद, वर्गणी बंद, पुढं विम्याचं कार्डही गार पडलं. आजा सांगायचा, "तरी डाक्टरनं बाटली भरायची थांबवली न्हाई." मी विचारायचो, कुठला डाक्टर? कारण आज्याच्या बोलण्यात डाक्टर दोन. एक बाटलीवाला आणि दुसरे दत्ता सामंत. तेही मूळचे डाक्टरच. घाटकोपरला दवाखाना होता, खाणीत दगड फोडणारे मजूर त्यांचे पेशंट. दुखण्यावर औषध देता देता त्यांना कळलं की दुखणं पगारात आहे. संप मोडला, आजा गावाकडं आला. येताना एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि खोकला घेऊन आला.

तो खोकला आमच्या घरात बत्तीस वर्षं राहिला. 2014 साली एका पहाटे थांबला. वस्तीतला डाक्टर रात्रीत दोनदा येऊन गेला होता. बेल एकदाच वाजवली होती मी, बनियनवरच पळत आला. पैसे घेतले नाहीत. पाटीवर उधारी बंद असली तरी त्याच्या टेबलाच्या खणात एक वही असते, त्यात आमच्या घराचं एक पान आहे. हा माणूस वाईट आहे असं मी म्हणूच शकत नाही. पण सकाळी त्यानं मृत्यूचा दाखला लिहिला. कारण : श्वसनक्रिया बंद पडणे. श्वास बंद पडला हे आम्हालाही दिसत होतं. खाली मूळ कारणासाठी जागा होती. तिथं त्यानं लिहिलं : वृद्धापकाळ.

आजा सहासष्ट वर्षांचा होता. गावातली सावकार घराण्यातली माणसं नव्वदीला शेताच्या बांधावर उभी असतात.

मी पंधरा वर्षांचा होतो. दाखला माझ्याच हातात दिला होता, ग्रामपंचायतीत न्यायला. वाटेनं वाचला. दिसेल ते वाचायची खोड.

आता मी स्वतः सूतगिरणीत आहे. ठेकेदाराकडनं. खातं विचारू नका, ब्लोरूमच. हल्ली जात विचारून खातं देत नाहीत. फक्त ब्लोरूममध्ये हजेरी घेताना आडनावं कानावर पडतात, तेवढंच. पगाराच्या चिठ्ठीत तेरा हजारांवर विम्याचे 98 रुपये कापलेले असतात. पण विम्याचा दवाखाना एसटीनं तासभर लांब, गेलं की खाडा. म्हणून आम्ही सगळे वस्तीतल्या डाक्टरकडं. शंभर रुपये, एक सुई, तीन दिवसांच्या गोळ्या, रात्रपाळीला हजर. सुई मारली नाही तर आपलीच माणसं म्हणतात, ह्यो कसला डागदर. त्याला बिचाऱ्याला नको असताना मारावी लागते.

मी कविता करतो. कुणी म्हणतं, छातीत काहीतरी दाटल्याशिवाय कविता होत नाही. माझ्या छातीत खरोखरच दाटतं. आठवड्याच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला, दोन-तीन तास झाले की छाती आवळते. दुसऱ्या दिवशी जरा कमी. सुट्टीच्या दिवशी मोकळं. मला वाटलं, आळस आलाय अंगाला.

डाक्टरला सांगितलं. त्यानं छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं. मग विचारलं, "सुट्टीनंतरच्या पहिल्याच दिवशी आवळतं का रे?"

मी म्हणालो, "होय. तुम्हाला कसं कळलं?"

तो बोलला नाही. पण मला कळलं की त्याला माहीत आहे. पहिल्यापासनं माहीत आहे. असा प्रश्न दुखणं ओळखणाराच विचारतो. कापसाच्या धुळीनं होणारा हा रोग, बिसिनोसिस. त्याची खूणच ही, सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळणं. पहिल्या पायरीवर माणसाला धुळीतनं काढलं तर तो सावरतो. वर्षानुवर्षं तिथंच ठेवला तर फुप्फुस परत येत नाही. युनियनच्या एका माणसानं मला पुस्तिका दिली होती, त्यात होतं. हा रोग धंद्यामुळं होणाऱ्या रोगांच्या सरकारी यादीत आहे. 1948 च्या कारखाना कायद्यानं तपासणाऱ्या डाक्टरवर जबाबदारी टाकली होती की असा रोगी दिसला तर कारखाना निरीक्षकाच्या कचेरीला लेखी कळवायचं. 2020 च्या नव्या संहितेतही ते कलम आहे. म्हणजे त्याचं पेन हे नुसतं गोळ्या लिहायचं पेन नाही.

त्यानं चिठ्ठीवर लिहिलं : ब्राँकायटिस. तीन दिवस विश्रांती.

मी म्हणालो, "डाक्टर, धूळ लिहा."

तो म्हणाला, "लिहितो. पण ठेकेदार उद्यापासनं तुला गेटवर उभा करणार नाही. तुझ्या घरात कमावणारा तू एकटा. मी तुझं भलंच बघतोय."

खोटं नव्हतं. माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मी चिठ्ठी घेऊन दारापर्यंत आलो. बाकावर आमच्याच खात्यातली तिघं बसली होती. खोकत. पहिला दिवस होता पाळीचा. मी परत आत गेलो.

"डाक्टर, माझ्या आज्याच्या दाखल्यावर तुम्ही वृद्धापकाळ लिहिलं. तेव्हा तर त्याची नोकरी जाणार नव्हती."

ते ऐकून तो खाली बघत राहिला. त्याचा हात टेबलावर होता. तोच हात, आज्याची नाडी सुटली तरी मनगट सोडत नव्हता तो. मला वाईट वाटलं. पण मी शब्द मागं घेतला नाही.

बऱ्याच वेळानं त्यानं पहिली चिठ्ठी फाडली. नवी लिहिली. इंग्रजीत, पण मी एक एक अक्षर लावून वाचली : कापसाच्या धुळीत तीन वर्षं काम. बिसिनोसिसची शंका. श्वासाच्या तपासणीसाठी सीपीआर, कोल्हापूर येथे पाठवीत आहे. खाली सही, शिक्का, तारीख. म्हणाला, "निरीक्षकाला मी अजून लिहिलेलं नाही. आधी तपासणी होऊ दे." मी म्हणालो, "बाहेर तिघं बसलेत. त्यांनाही तोच प्रश्न विचारा."

त्यानं विचारला का, मला माहीत नाही. मी एसटी पकडायला निघालो होतो.

हे सगळं लिहिलं ते डाक्टरची बदनामी करायला नाही. आमच्या म्हातारीला त्याचा हात मिळाला, ती त्याला देव मानते. तिच्या पिढीला पायरीखालनं स्टुलापर्यंत यायला अख्खं आयुष्य लागलं. ती म्हणते ते बरोबर आहे, हातानं निम्मं दुखणं जातं. पण उरलेलं निम्मं ब्लोरूममध्ये आहे. ते हातानं जात नाही, सुईनं जात नाही, ते लिहिल्याशिवाय जात नाही. तुमच्या वस्तीतही असा एखादा भला माणूस दवाखाना उघडून बसला असेल. त्यानं दिलेला कागद न वाचता खिशात घालू नका. दारातच उघडा. काय लिहिलंय ते वाचा, वाचता येत नसलं तर वाचून घ्या. आणि खरं लिहिलेलं नसेल तर परत आत जा.

चिठ्ठी माझ्या खिशात आहे. परवा तपासणीची तारीख आहे. खाडा पडणार.