डेमोतला हात

फेब्रुवारी २००६. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे गावी टेड परिषद भरली होती. जेफ हान नावाचा न्यूयॉर्कचा संशोधक ड्राफ्टिंग टेबलासारख्या तिरप्या स्क्रीनसमोर उभा राहिला आणि दोन्ही हातांनी फोटो सरकवू, फिरवू, मोठे करू लागला. माऊस नाही, कीबोर्ड नाही! युक्ती तशी साधी. अॅक्रिलिकच्या तक्त्यात कडेनं इन्फ्रारेड प्रकाश सोडायचा. बोट टेकलं की तिथून तो विखुरतो आणि मागचा कॅमेरा ते ठिपके टिपतो. तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला असेल, देव जाणे.

पुढच्याच वर्षी आयफोन आला आणि चिमटीनं फोटो मोठा करणं शेंबड्या पोरालाही जमायला लागलं. मग काय, परिषदांमध्ये हातवाऱ्यांचा सुकाळ झाला. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं कायनेक्टची झलक दाखवली: दिवाणखान्यात उभं राहायचं आणि हात हलवायचे. २०१३ मध्ये सॅमसंगचा गॅलेक्सी एस-४ आला: स्क्रीनला न शिवता वरून हात फिरवा. २०१५ मध्ये गूगलनं सोली दाखवलं: बोटांची हालचाल ओळखणारं चिमुकलं रडार. ते २०१९ च्या पिक्सेल ४ मध्ये बसलं. हा फोन भारतात विकायला आलाच नाही, कारण रडारला लागणाऱ्या ६० गिगाहर्ट्झच्या लहरींना इथे परवानगी नव्हती. आपला हात हवेत उठायच्या आधीच नियमांनी खाली केला!

पण बाकीच्या जगातही तो फार काळ वर राहिला नाही. कायनेक्टचं उत्पादन २०१७ मध्ये थांबलं. पिक्सेल ५ मधून रडार गेलं. का? माझ्या मते उत्तर सोपं आहे. डेमो दहा मिनिटांचा असतो आणि हात दिवसभर वापरायचा असतो. हात हवेत धरून बघा पाच मिनिटं, खांदा भरून येतो. आमच्या धंद्यात याला ‘गोरिला आर्म’ म्हणतात. स्टीव्ह जॉब्सनं २०१० मध्ये उभ्या टचस्क्रीनबद्दल हेच सांगितलं होतं: डेमोला झकास, पण थोड्या वेळात हात दमतो. त्याच वर्षी आयपॅड दाखवताना तो स्टेजवर चक्क खुर्चीत बसला, टॅबलेट मांडीवर घेऊन. आणि २०२३ मध्ये अॅपलनं व्हिजन प्रो दाखवला, त्यातली चिमूट तर हात मांडीवर ठेवूनच करायची. टिकतं ते हाताला टेकू देणारं.

आता हे सगळं मला एवढं का लागतं? तर बाबांमुळे. त्यांचा हात थरथरतो. रोज सकाळी ते टॅबलेटवर पेपर वाचतात. बातमीवर बोट टेकवलं की बोट जरा सरकतं, मशीनला वाटतं स्वाइप केलं, आणि पान भलतीकडेच जातं. मग ते चष्मा काढून पुसतात आणि म्हणतात, “माझंच काहीतरी चुकतंय.” बाबा, तुमचं काही चुकत नाहीये हो!

बऱ्याच टॅबलेटमध्ये ‘अॅक्सेसिबिलिटी’खाली बोट किती वेळ टेकलं की दाबलं असं धरायचं, ते ठरवता येतं. मी ते करून दिलं आणि पान पळणं बरंच कमी झालं. पण ही सोय तिथे आहे हे त्यांना कोण सांगणार होतं? स्टेजवर तर सगळे हात तिशीतले, स्थिर आणि तालमीत तयार झालेले.

म्हणून हल्ली आमच्या मीटिंगमध्ये कुणी म्हणालं, “बटण काढू, नुसता स्वाइप ठेवू, स्क्रीन क्लीन दिसेल,” की मी हट्टाला पेटतो. स्वाइप ठेवा की, कोण नको म्हणतंय? पण शेजारी एक ठसठशीत बटणही राहू द्या. टीममधली पोरं मला आता ‘बटणवाले काका’ म्हणतात.

म्हणू देत. पन्नास वर्षांनी त्यांचेही हात थरथरतील, तेव्हा ते बटण तिथे असलं म्हणजे झालं.