उताराची तयारी

घाट चढण्याचे कष्ट सर्वांना दिसतात. इंजिन धापा टाकते, काटा लाल रेघेकडे सरकतो, मागचे वाहन अधीर होऊन हॉर्न वाजविते. माथा गाठला की गाडीतली मंडळी सुटकेचा नि:श्वास सोडतात. पुढे उतार लागतो, इंजिनाचा आवाज मंदावतो, वारा सुखावतो आणि मागच्या आसनावर कोणाचा तरी डोळा लागतो. खरे संकट मात्र याच वेळी जवळ येत असते. चढणीवरचे संकट आरडाओरडा करीत येते. उतारावरचे संकट मुकाट्याने येते.

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो. ब्रेकचे शास्त्र मात्र आम्हाला एका मिस्त्र्याच्या दुकानात, तेलकट स्टुलावर बसून शिकावे लागले. त्याला कारण घडले ते असे.

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामासाठी एक लहान मोटार जुन्या बाजारातून घेण्यात आली. पुढच्या चाकांना साध्या डिस्क, मागच्या चाकांना ड्रम, अशी तिची रचना. एका डिसेंबरात दोन वयोवृद्ध सिस्टर आणि एक शाळकरी मुलगी यांना घेऊन आम्ही महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरत होतो. गाडी दुसऱ्या गिअरात होती, वेग बेताचा होता. प्रतापगडचा फाटा मागे पडल्यानंतर एका वळणाआधी ब्रेकवर पाय ठेवला, तो पेडल मऊ लागले. पुढच्या वळणावर ते जवळजवळ तळाला टेकले. आम्ही पहिला गिअर टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि दरीची बाजू सोडून डोंगराच्या कडेला गाडी उभी केली. चाकांतून जळका वास येत होता. सिस्टर काही बोलल्या नाहीत. त्यांच्या हातातली जपमाळ तेवढी थांबली होती. मुलगी म्हणाली, "फादर, गाडी तर खालीच चालली होती. मग दमली कशी?"

प्रश्न बालिश वाटेल, पण तो नेमका आहे. उतारावर इंजिन दमत नाही, दमतो तो ब्रेक. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंच आहे. पोलादपूर जवळजवळ पायथ्याशी. म्हणजे सुमारे ४० किलोमीटरच्या वाटेत गाडी १२०० मीटरहून अधिक खाली येते. माणसांसह ९०० किलो वजनाची गाडी इतकी खाली आली की तिच्यातून जी ऊर्जा मोकळी होते, तिने तीस लिटरांहून अधिक गार पाणी उकळीला यावे. निराळ्या शब्दांत सांगायचे तर, ताशी ८० किलोमीटर वेगातली तीच गाडी जवळजवळ पन्नास वेळा पूर्ण थांबवावी, एवढे ते काम होय. त्यातला काही वाटा वारा घेतो, काही टायर घेतात, काही इंजिन घेते. उरलेली सर्व उष्णता थाळीएवढ्या दोन लोखंडी डिस्कांनी आणि मागच्या दोन ड्रमांनी सोसायची व हवेला देऊन टाकायची असते. देण्याहून घेणे अधिक झाले की ब्रेक हरतो.

तो दोन तऱ्हांनी हरतो, हे मिस्त्र्याने आम्हाला समजाविले. पहिल्या तऱ्हेत पॅड अतिशय तापतात, त्यांतल्या बांधणीच्या द्रव्यातून वायू सुटू लागतो आणि घर्षण कमी होते. पेडल घट्ट लागते, परंतु गाडी ऐकत नाही. दुसऱ्या तऱ्हेत उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते आणि ते उकळते. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. म्हणून पेडल खाली खाली जाते. आमच्या गाडीचे झाले ते हे. मिस्त्र्याने तेल काचेच्या बाटलीत काढून दाखविले. त्याचा रंग काळ्या चहासारखा होता. गाडी विकण्यापूर्वी सर्व तेले बदलल्याची नोंद ज्या गॅरेजच्या बिलावर होती, त्याचे नाव येथे घेण्यात स्वारस्य नाही. बिलावरची शाई आणि बाटलीतले तेल यांचा मेळ बसत नव्हता, एवढे नमूद केले म्हणजे पुरे.

ब्रेक ऑइलचा एक स्वभाव प्रत्येक वाहनमालकाने जाणून घ्यावा. ते हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे ताजे तेल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असा दंडक आहे. परंतु त्यात पाण्याचा अंश मुरला की ही मर्यादा १४० पर्यंत खाली येऊ शकते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात हा ओलावा किती सहज मिळत असेल, हे सांगावयास नको. म्हणून दर दोन वर्षांनी तेल बदलावे, गाडी थोडी चालली असली तरी बदलावे.

गाडीचे पुढे काय करावे, यावर आमच्या मंडळींत बरीच चर्चा झाली. कोणी म्हणाले, विकून टाका. परंतु जी गाडी आम्हाला नकोशी झाली ती दुसऱ्याच्या लेकरांना घेऊन त्याच घाटात उतरणार, हा विचार आम्हाला पटेना. तरुणांनी उत्साहाने भल्या मोठ्या, भोके पाडलेल्या डिस्क आणि लाल रंगाचे कॅलिपर सुचविले. मिस्त्री हसला. तो म्हणाला, "फादर, भोकांपाशी डिस्कला तडे जातात. आणि पुढचा ब्रेक फाजील मोठा केला की पुढच्या-मागच्या चाकांचा तोल बिघडतो. शोभा नको, हवा खेळू द्या." मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीत मनमानी बदल करण्यास मर्यादा घातली आहे, याचीही आम्ही मंडळींना आठवण दिली.

अखेरीस जे केले ते साधे होते. सर्व जुने तेल काढून डॉट ४ भरले आणि चारही चाकांतून हवा काढली. मागचे लायनर बदलून ड्रममध्ये नीट बसवून घेतले. कारण तापलेला ड्रम फुगून लायनरपासून दूर जातो आणि अंतर आधीच जास्त असेल तर पेडल आणखी खोल जाते. पुढे अधिक उष्णता सोसणारे, पण थंडीतही पकड घेणारे पॅड घातले. शर्यतीच्या गाड्यांचे पॅड तापल्याशिवाय धरत नाहीत, ते आपल्या कामाचे नव्हेत. शेवटी, त्याच कंपनीच्या जरा जड मॉडेलच्या हवेशीर डिस्क व त्यांना लागणारे रुंद कॅलिपर, बोल्ट आणि पिस्टनचा व्यास जुळतो याची खात्री करून बसविले. अशा डिस्कमध्ये दोन पत्रांच्या मधोमध पाती असतात. चाक फिरते तशी मधली हवा बाहेर फेकली जाते आणि उष्णता घेऊन जाते. एकदाच करकचून थांबण्याचे अंतर त्यामुळे कमी होत नाही. विसाव्या वेळीही पहिल्याइतकेच थांबता येते, हा तिचा गुण.

पुढच्या महिन्यात मिस्त्री आणि आम्ही पुन्हा त्याच घाटात गेलो. माणसांऐवजी मागे तांदळाची पोती ठेवली होती. तीन ठिकाणी थांबून पेडल पाहिले. पायथ्याशी ते माथ्यावर होते तसेच होते.

तथापि, उतरताना मिस्त्र्याची शिकवण चालूच होती. ज्या गिअरात चढाल त्याच गिअरात उतरा. इंजिन बंद करू नका. पेडलला मदत करणारा बूस्टर इंजिनाच्या ओढीवर चालतो. न्यूट्रल तर कधीच नको. पाय ब्रेकवर सतत घासत ठेवू नका; थोडा वेळ जोर द्या, मग पूर्ण सोडा, म्हणजे हवेला तिचे काम करता येते. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका. वास आला तर रुंद जागा पाहून थांबा, आणि पोहोचायची घाई दुसऱ्या दिवसावर ढकला. सुधारलेला ब्रेक म्हणजे निष्काळजीपणाचा परवाना नव्हे.

बोरघाटातली रेल्वे १८६३ साली सुरू झाली. उतारावर ब्रेक निकामी होऊन सुटलेली गाडी चढणीवर चढवून आपोआप थांबावी, यासाठी त्या घाटात खास सायडिंग बांधलेली आहेत. ती बांधणाऱ्यांनी ब्रेकवर अविश्वास दाखविला असे नव्हे. माणसांचा जीव एकाच साधनावर टांगू नये, एवढेच त्यांनी जाणले होते. लहान मोटारीला अशी सायडिंग नसते. तिला आहे तो गिअर, ताजे तेल आणि चालविणाऱ्याचा संयम.

नाताळच्या सुट्टीत आपल्यापैकी अनेक कुटुंबे, शाळा आणि तरुण मंडळे घाटमाथ्यावर जातील. गाडी धुऊन, हवा भरून, शिदोरी बांधून निघतील. उताराची तयारी उतारावर करता येत नाही. ती सपाटीवर, आठ दिवस आधी करावयाची असते. निघण्यापूर्वी वाचकांनी आपल्या गॅरेजवाल्याला एकच प्रश्न विचारावा: ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले? उत्तर ठामपणे मिळाले नाही, तर समोर उभे राहून ते बदलून घ्यावे आणि ती तारीख गाडीच्या कागदपत्रांत आपल्या हाताने लिहून ठेवावी.