दीड लाखाची सायकल आणि कोगनोळीचे गुडघे

"मॅडम, पोरगा पुण्यासनं व्यायामाची सायकल धाडतो म्हणतोय. लाखाच्या वरची हाय. घ्यावी का?"

कोगनोळीत फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना हा प्रश्न दिवाळीच्या तोंडावर हमखास येतो. विचारणारे पन्नाशी-साठीचे. मुलगा पुण्यात, बंगळुरात नाहीतर परदेशात. त्याच्या हाती बोनस आलेला, आईचे गुडघे धरल्याचं आणि वडिलांची शुगर वाढल्याचं फोनवर कळलेलं, त्यातच मोबाइलवर सवलतीची जाहिरात. लांब राहून आई-वडिलांसाठी काय करता येईल, याचं उत्तर तो शोधत असतो. म्हणून या प्रश्नाला मी कधी घाईनं उत्तर देत नाही.

माझं मत सांगून टाकते. सायकल घ्यायची की नाही, हे तिच्यावर बसणाऱ्याचं शरीर आणि त्याचा दिवस पाहून ठरवावं. घ्यायचीच ठरली तर पैसा पडद्यावर घालू नये, लोखंडावर घालावा.

"गावात राहता, मग चालायला काय झालं?" असं शहरातले डॉक्टर आमच्या माणसांना विचारतात. त्यांनी एकदा संध्याकाळी इकडं यावं. महाराष्ट्रातून कर्नाटकात शिरताना पुणे-बंगळूर महामार्गावर आमचा टोलनाका लागतो. त्या रस्त्यावर चालणं जिवावरचं. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की आतल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर सुरू होतात, मागे दिवा असेलच असं नाही. पावसाळ्यात पाणंदीत घोट्याएवढा चिखल. बायकांचं तर आणखी वेगळं: पहाटे अंधार, संध्याकाळी चूल, आणि एकटी बाई नुसती चालायला निघाली की चार जण विचारणार, कुठं निघालीस?

दुसरा गैरसमज असा की शेतकरी राबतो, त्याला वेगळा व्यायाम कशाला. 1981 साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीजवळ याच महामार्गावर शेतकरी ठाण मांडून बसले होते. तेव्हा विशी-पंचविशीत असलेली माणसं आता माझ्याकडे गुडघ्यावर हात ठेवून येतात. तरुणपणी त्यांनी खरोखर अंग मोडून काम केलं. आता नांगरट ट्रॅक्टरनं होते, ऊस तोडायला टोळी येते, बांधापर्यंत मोटारसायकल जाते. ओळख शेतकऱ्याची राहिली, दिवस मात्र बैठा झाला. विडी वळणाऱ्या बायकांचा दिवस तर कायमच बैठा. मांडी घालून, मान खाली घालून, सूप पुढ्यात घेऊन तासन्‌तास. रात्री त्या दमलेल्या असतात, पण त्या कष्टात हृदयाला आणि मांडीच्या मोठ्या स्नायूंना काम मिळालेलं नसतं.

हे काही एकट्या कोगनोळीचं नाही. आयसीएमआरच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे 10 कोटींहून अधिक रुग्ण आहेत. 2022 साली भारतातल्या जवळपास निम्म्या प्रौढांची हालचाल गरजेपेक्षा कमी होती, आणि स्त्रियांमध्ये हे प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त, असा अंदाज 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान 150 मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा. मध्यम श्रम म्हणजे दम लागतो पण बोलता येतं, गाणं म्हणता येत नाही. घड्याळ, पट्टा काही नसलं तरी एवढ्यावर काम भागतं.

घरातली सायकल खरी उपयोगी पडते ती गुडघ्यांना. सपाट रस्त्यावर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो. बेताच्या भारावर सायकल मारताना तो साधारण वजनाएवढाच असतो, कारण बूड सीटवर टेकलेलं असतं. 75 किलोच्या बाईच्या झिजलेल्या गुडघ्याला हा फरक लगेच कळतो. जिला मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन येणं जमत नाही, ती सायकलवर वीस मिनिटं पाय फिरवू शकते, आणि त्या वीस मिनिटांत मांडीचा पुढचा स्नायू भरू लागला की महिन्या-दोन महिन्यांनी देवळापर्यंत चालताही येतं. सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर तर सायकल हे आमचं रोजचं साधन. मात्र पेडलचा पूर्ण फेरा मारायला गुडघा साधारण 105 ते 110 अंश वाकावा लागतो. तोवर सीट उंच ठेवून पेडल पुढं-मागं झुलवायचं, जोर करून फेरा पूर्ण करायचा नाही. कोल्हापुरात शस्त्रक्रिया करून आलेली माणसं हौसेनं पहिल्याच आठवड्यात फेरा मारायला जातात आणि सुजलेला गुडघा घेऊन येतात.

मधुमेहासाठी सायकलचा एक फायदा फार कमी लोकांना माहीत असतो. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या 2016 सालच्या अभ्यासात, टाइप 2 मधुमेहाच्या रुग्णांनी रोज एकदाच 30 मिनिटं चालण्याऐवजी तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखर सरासरी 12 टक्क्यांनी कमी राहिली. सगळ्यात जास्त फरक रात्रीच्या जेवणानंतर पडला. अभ्यास चालण्याचा होता, पण स्नायूंनी जेवणानंतर लगेच साखर वापरायची हे तत्त्व हलक्या सायकललाही लागू आहे. आमच्याकडे रात्री नऊला भाकरी खाऊन रस्त्यावर कोण जाणार? सोप्यात ठेवलेल्या सायकलवर दहा मिनिटं बसता येतं. इन्सुलिन किंवा साखर झपाट्यानं उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील त्यांनी रिकाम्या पोटी बसू नये. पायाची संवेदना गेलेली असेल तर अनवाणी किंवा चपलेत पेडल मारायचं नाही, बूट हवाच. पेडलच्या पट्ट्यानं पाय सोलला तरी अशा माणसाला कळत नाही आणि जखम चिघळल्यावर पायावर बेतते.

आता जिथं सायकल पुरत नाही तिथलं. हाडं ठिसूळ झालेल्या बायकांना तिचा फारसा उपयोग नाही, कारण हाडाला बळ येतं ते अंगाचा भार पेलण्यानं, आणि सायकल तो भारच काढून घेते. त्यांनी चालावं, खुर्चीतून उठ-बस करावी. छातीत दुखतं, अँजिओप्लास्टी झालेली आहे, चक्कर येते, अशांनी आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारावं. आणि ज्याचे गुडघे धड आहेत, मळ्याची वाट मोकळी आहे, त्यानं एक पैसाही खर्चू नये. त्यानं चालावं.

तर आता यंत्राकडे वळू. माझ्या शिक्षणाच्या काळात प्रयोगशाळेत मोनार्क नावाची स्वीडिश सायकल होती, लोखंडी चाक आणि त्याभोवती पट्टा. फॉन डोबेल्न यांनी 1954 साली तिची रचना मांडली. पेडलच्या एका फेऱ्यात चाकाच्या कडेचा बिंदू 6 मीटर जातो. पट्ट्यावर 1 किलोचा ताण आणि मिनिटाला 60 फेरे असं धरलं, तर जवळपास 60 वॉटनं काम होतं. यात अंदाज नाही, सरळ हिशेब आहे, म्हणून जगभरच्या शरीरशास्त्राच्या प्रयोगशाळांनी ती वापरली. तिच्यावर पडदा नव्हता, गाणी नव्हती.

बाजारातल्या बहुतेक घरगुती सायकलींवर 'लेव्हल 8' लिहिलेलं असतं. एका कंपनीची आठवी पायरी दुसरीच्या तिसरीएवढी असू शकते. पडद्यावर दिसणारा कॅलरीचा आकडाही अनेकदा फेरे मोजून काढलेला असतो. तुमचं वय, वजन, स्नायू यांचा त्यात पत्ता नसतो. ठोकताळा हवा असेल तर असा: 100 वॉटनं तासभर पाय मारले तर साडेतीनशेच्या आसपास किलोकॅलरी खर्च होतात. साठीच्या नवख्या माणसाला तासभर 100 वॉट झेपत नाहीत. म्हणजे अर्ध्या तासात सहाशे कॅलरी जळाल्याचं पडदा सांगत असेल तर त्यावर विसंबून जेवणात एक भाकरी वाढवू नये.

भार देण्याच्या पद्धती मुख्यतः दोन. एकीत नमद्याचा तुकडा किंवा पट्टा चाकावर घासतो. स्वस्त पडतो, पण झिजतो, आवाज करतो, बदलावा लागतो. दुसरीत फिरत्या धातूच्या चाकाजवळ चुंबक येतो, चाकात विजेचे भोवरे उठतात आणि तेच चाकाला अडवतात. काहीच घासत नाही, म्हणून आवाज कमी आणि झीज जवळपास नाही. चुंबक मुठीनं फिरवून जवळ आणायचा असेल तर भार द्यायला वीज लागत नाही. आमच्याकडे वीज कधी जाईल ते सांगता येत नाही, त्यामुळे प्लग लावल्याशिवाय भारच न देणारी महागडी सायकल मी सुचवत नाही.

महाग पडद्याचं काय होतं, याचं मोठं उदाहरण अमेरिकेत घडलं. पेलोटन ही कंपनी 2012 साली निघाली. सायकलीला मोठा पडदा, त्यावर थेट चालणारे वर्ग, दर महिन्याला वर्गणी. 2020 साली लोक घरात कोंडले गेले आणि तिला मागणी पुरवता येईना. लोक बाहेर पडू लागले, मागणी ओसरली; फेब्रुवारी 2022 मध्ये संस्थापक जॉन फोली प्रमुखपदावरून गेले आणि सुमारे 2,800 जणांच्या नोकऱ्या गेल्या. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती मे 2023 मधली घटना: सीटचा दांडा वापरताना तुटू शकतो म्हणून अमेरिकेत कंपनीच्या सुमारे 22 लाख सायकलींबाबत माघारीची घोषणा झाली. पडदा उत्तम होता. माणूस ज्याच्यावर बसतो तो दांडा मात्र कमी पडला.

त्या कोंडलेल्या काळात आमच्या टोलनाक्यावरही तपासणी होती. नाक्याच्या पलीकडे कागलला राहणारे माझे रुग्ण येऊ शकत नव्हते, आणि तेव्हाच आमच्या भागातल्या अनेक घरांत पहिल्यांदा सायकली आल्या. त्यातल्या कुठल्या अजून फिरतात आणि कुठल्यांवर टॉवेल वाळतात, हे मी घरोघरी जाताना पाहते. फिरणाऱ्या घरांत दर वेळी एखादा दुखरा सांधा किंवा डॉक्टरांनी दिलेली ताकीद असते. किमतीचा संबंध मला दिसला नाही.

पैशांचं गणित साधारण असं बसतं. खुर्चीसमोर ठेवायचं नुसतं पेडलचं यंत्र हजार-दोन हजारांत मिळतं. लकवा झालेल्या किंवा फार वयस्कर माणसाला तेवढं पुरतं. हलत्या दांड्यांची, पाठीला टेकू असलेली 'एअर बाइक' सात-आठ हजारांपासून, पण हलक्या चौकटीची डुगडुगते. चुंबकाची उभी सायकल दहा ते वीस हजारांत बरी येते. मागे टेकून पाय पुढं पसरून चालवायची सायकल याहून महाग. साडी नेसणाऱ्या, पाठदुखी असणाऱ्या बायकांना मी तीच सांगते, कारण सहावारीत टांग टाकून उंच सीटवर चढता येत नाही आणि चढता-उतरतानाच पडायचा धोका असतो. स्पिन बाइक वाकून चालवायची, जोराची, ती तरुणांची. लाखाच्या वरची यंत्रं दिवसभर माणसं बदलत चालणाऱ्या जिमसाठी असतात. दोन माणसांच्या घराला तेवढी ताकद लागत नाही.

दुकानात गेलात तर पडदा बंदच ठेवायला सांगा. सीटवर पूर्ण वजन टाकून डावी-उजवीकडे हला. सीटचा दांडा किती वजनाला चालतो ते विचारा, आणि आपल्या वजनाहून वीस-पंचवीस किलो जास्तीचा आकडा घ्या. पेडल हळू फिरवून क्रँकमध्ये टकटक येते का ऐका. बेअरिंग गेलं तर दुरुस्तीला कोण येणार, हे लिहून घ्या, कारण आमच्या सीमेवरच्या गावांचा हा खरा त्रास आहे. कोल्हापूर आम्हाला तीसेक किलोमीटर, पण तिथला माणूस म्हणतो तुम्ही कर्नाटकात. बेळगावचा म्हणतो एवढ्या लांब कोण येणार. जी सायकल निपाणीतला सायकलवाला किंवा गावातला मिस्त्री नेहमीचं बेअरिंग घालून दुरुस्त करू शकतो, ती आमच्यासाठी चांगली.

मुलांना मी फोनवर सांगते की एकदम खरेदी करू नका. आई-वडिलांना महिनाभर माझ्याकडे किंवा निपाणीतल्या एखाद्या केंद्रात आठवड्याला तीन-चारदा सायकलवर बसू द्या. मधेच सोडून दिलं तर घरी आणूनही सोडतील. टिकले तर कुठल्या उंचीची, कुठल्या प्रकारची लागते ते तोवर कळलेलं असतं, आणि बहुतेक वेळा पंधरा-वीस हजारांत काम होतं. उरलेल्या पैशांतून साखरेची तपासणी, डोळ्यांचा पडदा, पायांची तपासणी, चांगले बूट होतात.

यंत्र पार्सलनं धाडून मुलांनी मोकळं होऊ नये, असाही माझा आग्रह असतो. जोडणी करणारा माणूस नट आवळून निघून जातो, सीट कुणाच्या मापाची ते बघत नाही. पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा 25 ते 35 अंश वाकलेला राहावा. सीट खाली राहिली तर वाटीच्या मागे दुखतं, फार वर गेली तर कंबर डोलते. आई-वडिलांची उंची वेगळी, म्हणून दांड्यावर दोघांच्या दोन खुणा करायच्या आणि सीटची खीळ कशी ओढायची, परत कशी बसवायची, हे दोघांकडून आपल्यासमोर करून घ्यायचं. पहिला आठवडा पाच-पाच मिनिटं, भार अगदी कमी. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजलेला नसेल तरच पुढं वाढवायचं.