शिल्लक माल

३१ मार्च. शटर ओढून घेतलं आणि मोजदाद सुरू केली. डाळीची पोती, तेलाचे डबे, बरणीतली सुटी वेलची वजनकाट्यावर.

गल्ला पाहून नफा ठरवणं मला पटत नाही. सुरुवातीचा साठा २ लाख, वर्षाची खरेदी १० लाख, आज शिल्लक ३ लाख, म्हणजे विकलेल्या मालाची किंमत ९ लाख. शिल्लक पन्नास हजारांनी फुगवली की नफाही तेवढाच फुगतो आणि त्यावर खिशातून कर जातो.

भाव कुठला धरायचा, हा खरा प्रश्न. आधीची डाळ १२० रुपये किलोने आली, नंतरची १४० ने. आधी आलेला माल आधी गेला असं धरलं, तर उरलेल्या पोत्यांना १४० लावायचे, नाहीतर सरासरी. पण पद्धत दरवर्षी बदलायची नाही.

खालच्या फळीवर मसाल्याची पाकिटं, मुदत संपत आलेली. खरेदी ४० ची, आता फार तर २५ ला जातील. वहीत २५ लिहिले. खरेदीकिंमत आणि विकून हाती येणारी रक्कम, यांतली कमी ती धरायची. हा नियम मला मनापासून आवडतो. न मिळालेला पैसा तो वहीत चढू देत नाही. उंदरांनी कुरतडलेली बिस्किटांची खोकी वेगळी काढली आहेत. त्यांच्यावरचं जीएसटीचं क्रेडिट परत करावं लागेल, उद्या सीएंना फोन करायचा.