विजेचा रोजमेळ

बँकेत उभी हयात घालवलेल्या माणसाला प्रत्येक व्यवहारात जमा आणि नावे अशा दोन बाजू दिसू लागतात. निवृत्तीनंतरही ही सवय सुटत नाही. अमरावतीत आमच्या वसाहतीतील गच्च्यांवर गेल्या दोन-तीन वर्षांत सौर पॅनेल दिसू लागले, तेव्हापासून शेजारी आणि नातलग मला एकच प्रश्न विचारतात, "साहेब, पैसे किती वर्षांत फिटतील?" प्रश्न रास्त आहे. व्यापारी घरात वाढलेल्या कोणालाही तो प्रथम सुचावा. परंतु त्याचे उत्तर शोधताना मला हळूहळू जाणवले की, सौर वीज नीट समजून घ्यायची तर आपल्याला एक नवी सवय लावून घ्यावी लागेल. आजवर आपण वीज युनिटांत मोजली. यापुढे ती घड्याळ पाहून मोजावी लागणार आहे.

आधी सरळ हिशेब मांडतो. 'पीएम सूर्य घर मोफत वीज योजना' फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. तिच्यासाठी केंद्राने 75,021 कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली असून 1 कोटी घरांचे उद्दिष्ट ठेवले आहे. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000 रुपये, तिसऱ्याला 18,000 रुपये, म्हणजे घरगुती संचाला जास्तीत जास्त 78,000 रुपये अनुदान मिळते. आपल्या वऱ्हाडात एक किलोवॅटचा संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट देतो. तीन किलोवॅटचे बारा युनिट झाले. अनुदान वजा जाता उरणारी रक्कम मध्यम वापराच्या कुटुंबाची साधारण चार-पाच वर्षांत वसूल होते, आणि पॅनेलचे आयुष्य पंचवीस वर्षांच्या घरात असते. इन्व्हर्टर मात्र त्याआधी एकदा बदलावा लागेल, हे खर्चात धरावे. वऱ्हाडचे ऊन प्रखर म्हणून मे महिन्यात वीज सर्वांत जास्त मिळेल, हा समजही तपासून घ्यावा. पॅनेल तापले की प्रत्येक अंशामागे त्याचे उत्पादन 0.3 ते 0.4 टक्के घटते. त्याला ऊन हवे असते, पण आपला 45 अंशांचा उकाडा त्यालाही सोसत नाही.

हा झाला गुंतवणुकीचा हिशेब. आता वेळेचा पाहू.

गच्चीवरचा संच दुपारी सर्वाधिक वीज देतो. त्या वेळी घरातील पुरुष दुकानात, मुले शाळेत आणि वातानुकूलन यंत्र बंद असते. ही शिल्लक वीज तारेवाटे महावितरणकडे जाते आणि रात्री आपण ती परत घेतो. नेट मीटर म्हणजे या देवघेवीचे पासबुकच आहे. महिन्याची शिल्लक पुढच्या महिन्यात ओढली जाते आणि आर्थिक वर्ष संपले की खाते मिटवले जाते. उरलेल्या युनिटांचे पैसे मिळतात, परंतु ते आपण विजेसाठी मोजतो त्या भावाने मिळत नाहीत. त्यामुळे 31 मार्चला फार मोठी शिल्लक राहील एवढा संच बसवण्यात शहाणपण नाही.

पासबुकाच्या या उपमेत एक मोठी उणीव आहे, आणि ती ध्यानात आल्यावर मी थोडा थांबलो. बँकेतील रुपया दुपारी भरला काय आणि रात्री काढला काय, त्याचे मोल तेच राहते. विजेचे तसे नाही. दुपारी जमा केलेले युनिट महावितरणच्या कोठारात पडून राहत नाही. ते त्याच क्षणी दुसरीकडे वापरले जाते. रात्री आपल्याला मिळणारे युनिट नव्याने आणि बहुतेक वेळा कोळसा जाळून तयार होते.

अकोल्याहून शेगावकडे रेल्वेने जाताना वाटेत पारसचे औष्णिक केंद्र लागते. तेथे प्रत्येकी 250 मेगावॅटचे दोन संच आहेत. इकडे अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे 1,350 मेगावॅटचे खासगी केंद्र आहे. अशी केंद्रे घरातल्या दिव्यासारखी सकाळी विझवून सायंकाळी पेटवता येत नाहीत. दुपारी सौर वीज भरपूर आली तरी ती साधारण 55 टक्के भारावर चालू ठेवावी लागतात, कारण दिवस मावळताच सर्व भार त्यांच्यावर येतो. देशाची सौर क्षमता जानेवारी 2025 मध्ये 1 लाख मेगावॅटच्या पुढे गेली. त्याच वर्षी एकूण वीज क्षमतेत बिगर-कोळसा, बिगर-तेल, बिगर-वायू स्रोतांचा वाटा निम्म्यावर पोहोचला. ही प्रगती अभिमानास्पद आहे. तरीही प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. बँकेच्या भाषेत सांगायचे तर मंजूर मर्यादा वेगळी आणि झालेली उचल वेगळी. सूर्य रात्री उचल देत नाही.

ही तफावत भरून काढायची तर वीज साठवावी लागेल. अकोले तालुक्यातील घाटघर येथे 250 मेगावॅटचा उदंचन प्रकल्प 2008 पासून आहे. विजेची चणचण नसते तेव्हा पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज घ्यायची, अशी त्याची रीत. आता मोठ्या बॅटऱ्याही स्वस्त होत आहेत. पण साठवणुकीला खर्च येतोच. त्यापेक्षा स्वस्त उपाय म्हणजे जे काम दिवसा होऊ शकते ते दिवसाच करणे.

या उपायाचे खरे मोल मला मोर्शी तालुक्यात कळले. तेथे आमच्या मेहुण्यांची संत्र्याची बाग आणि थोडा हरभरा आहे. शेतीपंपांना वीज आळीपाळीने मिळे, काही दिवस दिवसा, तर काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की पौषाच्या थंडीत बॅटरी आणि काठी घेऊन ते ओलितासाठी निघत. साप, विंचू, रानडुकरांचे कळप आणि ओल्या जमिनीतून विजेचा धक्का बसण्याची भीती, यांतले काहीच वऱ्हाडच्या शेतकऱ्याला नवे नाही. शेतीपंपाची वाहिनी सौर विजेवर आल्यावर त्यांना दिवसा पुरवठा मिळू लागला. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना 2024 पासून राज्य शासनाने मोफत विजेची सवलत दिली आहे, म्हणून मी बहिणीला बिलाबद्दल विचारले. ती म्हणाली, "दादा, बिल माफ झालं तेही बरंच झालं. पण दिवसाची लाईन आली तवापासून मले रात्री झोप लागते." एवढ्या वर्षांच्या कर्जवाटपात असा लाभ मी कोणत्याही प्रकल्प अहवालाच्या रकान्यात पाहिला नव्हता.

ही व्यवस्था 2017 च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून आली. 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारून त्याची वीज थेट शेतीच्या वाहिनीला द्यायची, असे तिचे स्वरूप आहे. पडीक जमीन भाड्याने देणाऱ्या शेतकऱ्याला हेक्टरी वर्षाला 1,25,000 रुपये मिळतात. सूर्याची वेळ आणि ओलिताची वेळ येथे तंतोतंत जुळते, साठवणुकीची गरज पडत नाही. नावेच्या बाजूला मात्र एक नोंद करायलाच हवी. वरूड आणि मोर्शीच्या पट्ट्यात भूजलाचा उपसा आधीच मर्यादेबाहेर गेला आहे. दिवसभर फुकट वीज मिळाली आणि ठिबक, विहीर पुनर्भरण यांकडे दुर्लक्ष झाले, तर रात्रीचा त्रास वाचवलेल्या त्याच शेतकऱ्याची बाग उद्या पाण्यावाचून सुकेल.

आपल्यापैकी अनेकांचे जिनिंग आणि दालमिलचे व्यवसाय आहेत. अकोल्यातील माझे एक स्नेही जिनिंगच्या विस्तीर्ण छपरावर संच बसवण्याच्या विचारात होते. जिनिंगचा हंगाम साधारण दिवाळीनंतर सुरू होतो आणि मार्चपर्यंत चालतो. एप्रिलपासून छपरावर तयार होणारी वीज जमा होत राहील, हंगामात ती वळती करून घेता येईल आणि 31 मार्चला खाते जवळपास कोरे होईल. वर्षाचा मेळ असा छान बसतो. दिवसाचा मेळ बसेलच असे नाही. औद्योगिक ग्राहकांना वेळेनुसार वेगळे दर असतात, आणि दुपारी जमा केलेली वीज सायंकाळच्या महाग तासांत तशीच वळती होत नाही. त्यांचे जिनिंग हंगामात दोन पाळ्यांत, रात्री उशिरापर्यंत चाले. मी त्यांना एवढेच सुचवले की, पुरवठादाराच्या कोटेशनआधी आपल्या वीजबिलातील तासांचे रकाने पाहा. त्यांनी ते पाहिले, संचाचा आकार कमी केला आणि शक्य तेवढे काम दिवसपाळीत आणले. दालमिलला हे अधिक सोयीचे जाते, कारण तिचे काम वर्षभर चालते आणि बरेचसे दिवसा होते.

ज्यांना स्वतःचे छप्पर नाही त्यांचे काय, हा प्रश्न मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. भाडेकरू, सामायिक गच्चीच्या इमारतीत राहणारी कुटुंबे, वाटणी न झालेल्या वाड्यातील धाकटी पाती या सर्वांना अनुदानाचा लाभ सहजासहजी मिळत नाही. सूर्य सर्वांना सारखा, पण छपराचा उतारा सर्वांच्या नावे नसतो. येथेही थोडा दिलासा वेळेच्या हिशेबातच आहे. 1 जुलै 2025 पासून राज्यात, वेळेची नोंद ठेवणारे मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते सायंकाळी 5 या काळातील वापरावर युनिटमागे सवलत मिळू लागली. सुरुवातीचा दर 80 पैसे आहे. या नव्या मीटरांविषयी अनेकांच्या तक्रारी आहेत, त्यांचे निराकरण व्हायलाच हवे. परंतु पाण्याची मोटर, धुलाई यंत्र, इस्त्री, घरघंटी ही कामे दुपारी उरकणाऱ्या भाडेकरूलाही सूर्याचा थोडा वाटा मिळतो, हे नाकारता येणार नाही.

आपल्या घरांत सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याची रीत आहे. तिचे कारण फार वेगळे आणि खोल आहे, विजेच्या हिशेबाशी तिचा संबंध जोडण्याचे धाडस मी करणार नाही. एवढे मात्र खरे की, दिवसाची कामे दिवसाउजेडी संपवण्याचा सराव आपल्याला नव्याने करावा लागणार नाही. स्वयंपाकघराला ती शिस्त ठाऊक आहे. दुकानाची रोषणाई, शोरूमचे वातानुकूलन आणि लग्नसमारंभांतील मध्यरात्रीपर्यंतचा झगमगाट यांना ती अजून शिकवायची आहे.

म्हणून कोणी मला पैसे किती वर्षांत फिटतील असे विचारले, की मी हल्ली प्रथम त्यांच्याकडून एक कागद भरून घेतो. त्यावर घरातील किंवा गिरणीतील कोणते यंत्र किती वाजता चालते, एवढेच लिहायचे असते. त्या यादीतील निम्मी कामे तरी सकाळी नऊ आणि सायंकाळी पाच यांच्या दरम्यान आणता येतात का, हे कुटुंबाने एकत्र बसून ठरवावे. संच किती किलोवॅटचा हवा, याचे उत्तर बहुधा त्याच कागदावर मिळते.