सुप्यापासून समुद्र किती दूर आहे?

१/१३
अहिल्यानगरहून पुण्याकडे निघाले की महामार्गावर सुपा लागते. (बारामतीजवळचे सुपे वेगळे, हे पारनेर तालुक्यातले.) भोवती उघडे माळ, बेताचा पाऊस, ज्वारी-बाजरीची राने. इथल्या मुलाला समुद्र पहिल्यांदा दिसतो तो बहुधा शाळेच्या सहलीत. समुद्राचा इतिहास कोकणाचा, आपला नव्हे, अशी समजूत अशा मुलखात सहज रुजते. या समजुतीची किंमत या भूमीने पूर्वी मोजलेली आहे. त्याची ही गोष्ट.

२/१३
१४९० मध्ये निजामशाही उभी राहिली आणि १४९४ मध्ये अहमदनगर वसू लागले. राजधानी घाटावर होती, पण राज्याचा एक पाय घाटाखाली, चौल बंदरात होता. तिथून दख्खनचे कापड बाहेर जाई आणि अरबस्तान-इराणचे घोडे आत येत. उत्तम लढाऊ घोडा जहाजातूनच यायचा. म्हणजे पठारावरच्या घोडदळाची नाळ समुद्राशी जोडलेली होती.

३/१३
१५०८ मध्ये चौलच्या पाण्यात मोठी लढाई झाली. एका बाजूला इजिप्तच्या मामलुक सुलतानाचे आरमार आणि दीवचा मलिक अयाझ, दुसऱ्या बाजूला पोर्तुगीज. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा तिथे मारला गेला. ३ फेब्रुवारी १५०९ रोजी बापाने दीवपाशी त्याचा सूड उगवला. बंदर निजामशहाचे, पण त्याच्या दारात झुंजणारी दोन्ही आरमारे परकी होती.

४/१३
१५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाने पोर्तुगीजांना चौलजवळ रेवदंड्याला किल्ला बांधू दिला. व्यवहार तेव्हा फायद्याचा वाटला असणार: व्यापार चालू राहील, घोडे मिळतील, जकात येत राहील. पण समुद्रात फिरायचे तर देशी जहाजांना पोर्तुगीजांचा परवाना, म्हणजे ‘कार्ताझ’, घ्यावा लागे. परवाना नसलेले जहाज लुटले जाई. किनारा निजामशहाचा, पण किनाऱ्यापुढची वाट दुसऱ्याच्या हुकमतीत, अशी ही स्थिती होती.

५/१३
निजामशाही दुबळी होती म्हणून असे घडले, असे मानता येत नाही. विजापूरच्या बुरुजावर आज दिसणारी प्रचंड ‘मलिक-ए-मैदान’ तोफ १५४९ मध्ये अहमदनगरलाच ओतली गेली. धातुविद्या होती, कारागीर होते, पैसा होता. त्या काळातील जगातल्या अजस्र तोफांपैकी एक घडवणारे हे राज्य होते.

६/१३
मग १५७० उजाडले. मुर्तझा निजामशहा आणि विजापूरचा अली आदिलशहा यांनी संगनमत केले: आदिलशहाने गोव्याला वेढा घालायचा, निजामशहाने चौलला. कालिकतचा झामोरिनही सोबतीला होता. पोर्तुगीजांची सर्व ठाणी एकाच वेळी दाबायची, असा हा बेत होता. कागदावर तो निर्दोष होता.

७/१३
रेवदंडा कुंडलिकेच्या मुखाशी आहे. निजामशाही फौजेने जमिनीकडून वेढा आवळला, तोफा डागल्या. आतले लोक संख्येने कितीतरी कमी होते. पण पाण्याची बाजू उघडी होती. तिथून माणसे, दारूगोळा, धान्य येत राहिले. झामोरिनचे आरमार चौलपर्यंत आले, पण पोर्तुगीजांपुढे त्याचा निभाव लागला नाही. अनेक महिने झुंजून १५७१ मध्ये निजामशहाला तह करावा लागला.

८/१३
पुढे निजामशाही दरबारात राहिलेला इतिहासकार फेरिश्ता या अपयशाचा दोष फितुरीला देतो: सरदारांना भेटी मिळाल्या, त्यांत मद्यही होते, आणि रसद आत जाऊ दिली गेली. फितुरी झालीही असेल. पण सारे सरदार इमानदार असते, तरी भर समुद्रातून येणारे जहाज घोडेस्वाराने कसे अडवायचे? माणसांना दोष देणे सोपे असते. राज्याच्या रचनेतली उणीव दिसायला वेळ लागतो.

९/१३
ती दिसली, पण उशिरा. १५९४ मध्ये दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने खाडीच्या पलीकडे कोर्लईच्या टेकडीवर किल्ला बांधून बंदराचे तोंड तोफांखाली आणले. त्याच वर्षी पोर्तुगीजांनी तो जिंकला. समुद्रावरचे उत्तर पुन्हा जमिनीवरून शोधले गेले होते. जंजिऱ्याचे सिद्दी निजामशाहीचे चाकर खरे, पण ती बुडाल्यावर त्यांनी धनी बदलले. उसने समुद्रबळ राज्यासोबत बुडत नाही. ते नवा मालक शोधते.

१०/१३
निजामशाहीच्या चाकरीत वाढलेल्या भोसले घराण्यातूनच याचे उत्तर आले. ऑक्टोबर १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती येताच शिवाजी महाराजांनी आरमाराकडे लक्ष वळवले. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. जहाजे, जलदुर्ग, दर्यावर्दी, लाकडाची सोय, हे सारे स्वतःचे. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आले, ते या अनुभवातून.

११/१३
आणि तरीही १७५६ घडले. तुळाजी आंग्रे जुमानत नाहीत, ही नानासाहेब पेशव्यांची तक्रार खोटी नव्हती. पण तिचा निवाडा त्यांनी इंग्रजांच्या मदतीने केला. फेब्रुवारीत विजयदुर्गावर जमिनीची बाजू पेशव्यांच्या फौजेने धरली, पाण्याची बाजू इंग्रज आरमाराने. बंदरात आंग्र्यांची जहाजे जळाली. त्या आगीत एका बंडखोर सरदाराचे बळ गेले, तसेच मराठ्यांचे सर्वांत मोठे समुद्रबळही गेले.

१२/१३
त्यानंतर ४७ वर्षांनी, १२ ऑगस्ट १८०३ रोजी, अहमदनगरचा भुईकोट किल्ला आर्थर वेलस्लीच्या हाती पडला. किल्ला शिंद्यांकडे होता. जिंकणाऱ्या कंपनीचे बळ जहाजातून आलेले होते आणि मुंबई बंदर तिच्या पाठीशी होते. ज्या समुद्राकडे घाटावरच्या सत्तांनी पाठ फिरवली, तो घाट चढून राजधानीच्या वेशीशी आला.

१३/१३
आज सुप्यात मोठी औद्योगिक वसाहत आहे. जपानी कंपन्यांसाठी तिथे वेगळा विभागही राखलेला आहे. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपकडे जाणारी कितीतरी जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली. तेव्हा भाडे वाढले, दिवस वाढले. त्याचा हिशेब अशाच कोरड्या माळावरच्या कारखान्यांतही मांडावा लागतो. महामार्गावरून न्हावा-शेव्याकडे निघालेला कंटेनर पाहणाऱ्या सुप्याच्या मुलाने म्हणूनच एवढे विचारावे: पुढची वाट कोणाच्या राखणीत आहे? मुर्तझा निजामशहाने हा प्रश्न वेढा घालण्यापूर्वी विचारला नव्हता.